नाव घातलेल्या ताटल्या

ऐक ना, तो फोन ठेव जरा बाजूला. यंदा नाताळला सुवार्ताच्या घरी काय झालं ते ऐकल्याशिवाय जायचं नाही.

तर नाशिकला एका सोसायटीत एक सुवार्ता राहायची. म्हणजे राहतेच अजून. ती आणि तिचा नवरा योएल, तिसरा मजला, बाल्कनीत नाताळची ही एवढी मोठी चांदणी टांगलेली. बाई एकदम दिलदार. फक्त तिला कुठली गोष्ट छोटी करताच यायची नाही. कोणाला चहाला बोलावलं तरी टेबल भरून जायचं.

त्यातूनच सगळं सुरू झालं. गेल्या वर्षी दिवाळीला खालच्या टिळेकर काकूंकडून फराळाची ताटली आली. आता आलेली ताटली रिकामी परत करायची नसते, ते तुला माहीतच आहे. योएल म्हणाला, "चार बिस्किटं ठेव आणि देऊन ये."

"काकूंच्या चकलीला पुड्यातली बिस्किटं? वेडा आहेस का. केक करून देते," सुवार्ता म्हणाली.

केक केला. तो मधेच बसला. बसलेला केक कसा द्यायचा, म्हणून राहिलं. मग वाटलं, आता इतक्या उशिरा नुसता केक बरा नाही दिसत, सोबत काहीतरी हवं. म्हणून आणखी राहिलं. तेवढ्यात काकूंची दुसरी ताटली आली, संक्रांतीच्या गूळपोळ्यांची. ईदला समोरच्या रेहानाभाभींचा शीरखुर्म्याचा डबा आला. वरच्या मजल्यावरच्या मृण्मयीच्या तर वाट्यांवर वाट्या. जितका उशीर, तितकं भारी काहीतरी द्यायला हवं, आणि भारी काही जमेपर्यंत आणखी उशीर. आणि देणाऱ्यांनी वीस घरी वाटलेलं, कुठलं भांडं कुठे गेलं ते त्यांच्या तरी कुठे लक्षात. सगळी भांडी हॉलमधल्या दिवाणाच्या पोटात. वर गादी, गादीवर छान चादर.

शेवटी तिने ठरवलं, नाताळला सगळ्यांना घरी बोलवायचं आणि असं जेवण घालायचं की वर्षाचं एकदम फिटलं पाहिजे. मग ताटल्यांचं कोण काढतंय. ग्रुपवर टाकलं, "पंचवीसला संध्याकाळी सगळे आमच्याकडे. कोणी काहीही आणायचं नाही."

हातात काही आणायचं नाही म्हटल्यावर लोकांनी माणसं आणली. मृण्मयी सासूला घेऊन आली, रेहानाभाभी दोन्ही बहिणींना. पण रंगत काय होती म्हणून सांगू. टीव्हीशेजारी बाळ येशूची गव्हाण मांडलेली, योएल गिटार घेऊन बसलेला, पोरं नाताळची गाणी बेसूर पण मनापासून ओरडत होती. आत बिर्याणी, शाकाहारी लोकांना वेगळा पुलाव. खास नव्या आणलेल्या पांढऱ्या प्लेटा, सोनेरी कडेच्या. मृण्मयी सगळ्यांना सांगत होती, "पाहुणचार शिकावा तर हिच्याकडून." आणि सुवार्ता हवेत.

वाढायला घेतलं आणि प्लेटा संपल्या. निम्मी माणसं हात धुऊन नुसतीच उभी.

योएल स्वयंपाकघरात आला. "खालून कागदी प्लेटा आणू का?"

सुवार्ता हो म्हणणार, तेवढ्यात दारातून टिळेकर काकू म्हणाल्या, "कागदी कशाला गं? माझ्याकडच्या आणल्या असत्या. पण माझ्या ताटल्या एकेक करून गायब झाल्यात." मग सिंककडे बघून त्यांनी आवाज खाली आणला. "कोणी नेल्या ते कळत नाही असं नाही मला. एक तारखेपासून तिचं काम बंद करतेय. आज सण आहे म्हणून बोलले नाही."

काकूंचा खालचा आवाज म्हणजे आपला वरचा. सिंकपाशी वत्सलामावशी होत्या. त्या काकूंकडेही कामाला जातात आणि सुवार्ताकडेही. त्यांचे हात थांबले. नळ तसाच वाहत राहिला. दिवाणात काय आहे ते त्यांना तरी कुठे माहीत होतं.

आता बघ. सुवार्ता गप्प राहिली असती तर कोणाला काही कळलं नसतं. कागदी प्लेटा आल्या असत्या, लोक जेवून वाहवा करत घरी गेले असते. वत्सलामावशींचं एक काम गेलं असतं. आणि कामापेक्षा वाईट म्हणजे नाव गेलं असतं. अख्ख्या सोसायटीत.

योएल चपला घालत होता.

"चपला काढ," सुवार्ता म्हणाली. "दिवाण उघडायचाय."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

दिवाणावर नेमकी मृण्मयीची सासू बसलेली. "आजी, जरा उठता का?" सुवार्ताने चादर ओढली, गादी सरकवली आणि फळी उचलली. आत सगळं स्टील लखलखत होतं. गाणी बंद. तिने वरची ताटली उचलली. कडेला नाव घातलेलं होतं, ते मोठ्याने वाचलं, "टिळेकर."

मग सरळ काकूंकडे बघत म्हणाली, "काकू, तुमच्या ताटल्या वत्सलामावशींनी नाही नेल्या. माझ्याकडे आहेत. चांगलं काहीतरी भरून द्यायचं म्हणून ठेवल्या आणि ठेवतच गेले."

मग मृण्मयी वाकली. "थांब, ही माझी वाटी. हिच्यापायी मी नवऱ्याशी भांडलेय."

"आणि मी म्हणत होते, हिला भांडी सांभाळता येत नाहीत," सासू म्हणाली.

"मग आता शब्द मागे घ्या, सगळे आहेत तोवर."

"एका वाटीपुरता घेते."

रेहानाभाभींनी डबा उचलून उलटासुलटा केला. "मी घरात कपाटं उपसतेय आणि हा इथे गादीखाली लोळतोय."

हॉल हसायला लागला. काकू मात्र हसल्या नाहीत. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "वत्सला, चुकले गं मी."

मावशींनी नळ बंद केला. पदराला हात पुसले. "उद्या येणार नाही काकू."

काकूंचा चेहरा उतरला.

"उद्या मी रुसणार आहे. परवापासून येते. आणि आता भांडी घासत नाही, जेवायला बसते. त्या सोनेरी कडेच्या प्लेटीत वाढा."

एक प्लेट धुवून काकूंनी स्वतः वाढलं. बाकीचे आपापल्या नावाच्या भांड्यात जेवले. टिळेकरांच्या ताटल्यांत फक्त पुलाव, तेवढं पाळलं. रेहानाभाभींच्या एका बहिणीने डब्याच्या झाकणात बिर्याणी घेतली आणि दोनदा मागून घेतली. भांडी योएलने घासली. जाताना प्रत्येकाच्या भांड्यात केक गेला. तो याही वेळी मधे बसला होता. कोणी बघितलंसुद्धा नाही, खाऊन टाकला.

परवा काकूंकडून वाटीभर गाजरहलवा आला. संध्याकाळी वाटी परत गेली. तिच्यात काय होतं सांग? दोन केळी. काकूंनी दारातच एक सोलून खाल्लं.

तात्पर्य: मोठं काहीतरी देईन म्हणून दुसऱ्याची वस्तू अडवून ठेवू नये, हाताशी असेल ते वेळेवर द्यावं, आणि आपल्या चुकीचा आळ दुसऱ्यावर यायला लागला, की दिवाणावर कोण बसलंय ते न बघता तो तिथल्या तिथे उघडावा. आता खरं सांग, सुवार्ताच्या जागी तू काय केलं असतंस?