गोजराक्काची हाक

फार वर्षांपूर्वी कवठखडीत घड्याळ एकही नव्हतं, पण दिवस मावळला की घरोघरून हाका मात्र सुटत. कुणाची आई "मेल्या, घरी ये" म्हणाली, की तो मेला खेळ टाकून पळे. हळूहळू चिंचेखाली कुणी उरत नसे. उरे ती दहा वर्षांची तुळसा. तिची आई कधीच गेली होती. बाप रखमाजी वाईट नव्हता. घरात पोरगी आहे हे त्याच्या लक्षात राहत नसे, इतकंच.

एकदा पोरं आपापल्या शिव्यांची बढाई मारत होती.

"मला पण ओरडतात," तुळसा म्हणाली.

"कोण गं?"

तुळसा पायानं माती उकरू लागली.

शेजारी भट्टीवर लाह्या फोडणाऱ्या गोजराक्कानं हे ऐकलं. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तिनं पदर खोचला. "ए तुळसेऽऽ! सकाळी झाडावर चढून परकर फाडलास, दुपारी पाटलाच्या बैलाला मुंडावळ्या बांधल्यास, आता कुठं उलथलीस? ये, भाकरी निवतेय!"

असं म्हणतात, त्या हाकेनं कढईतल्या लाह्या विस्तवाशिवाय फुटल्या, आणि नदीपलीकडच्या गावातला एक घरजावई दचकून पाटावर जाऊन बसला.

तुळसा डोळे पुसत, हसत आली.

मग ज्यांना कुणीच हाक मारत नसे, ती सगळी पोरं भट्टीपाशी जमू लागली. आक्का त्यांना जेवू घाली, लाह्या परतायला शिकवी आणि प्रत्येकाला वेगळं ओरडे. कालचं बोलणं आज चालत नसे. "आक्का, मला आज कमी बोललीस," अशी तक्रार येई. त्यापायी बिचारी दिवसभर, कोण काय करतंय, यावर डोळा ठेवी.

शेवटी रखमाजी तणतणत आला. "माझ्या पोरीला गावासमोर बोलणारी तू कोण? चल गं तुळसे. पुन्हा इथं पाऊल टाकायचं नाही."

तुळसाचं तोंड एवढंएवढंसं झालं.

"ने की," आक्का म्हणाली. "पण मग तू ओरड. आज तिनं काय केलं, तेवढं सांगून ओरड."

रखमाजीनं तोंड उघडलं. असं म्हणतात, ते तीन दिवस तसंच उघडं राहिलं; एक चिमणी घरट्यासाठी आत डोकावूनही गेली. चौथ्या दिवशी तो पोरीसमोर उकिडवा बसला. "तुळसे, काय काय केलंस गं?"

दहा वर्षांचं साठलेलं होतं. त्या एका बैठकीत रखमाजीच्या मिशा पिकल्या, असं म्हणतात.

सांजेला त्यानं हाक मारली. बारीकच निघाली. तुळसाला पहिलीच ऐकू आली होती, पण तिनं आणखी दोनदा मारायला लावली.

आता भट्टी नाही. पण कवठखडीत दिवेलागणीला एकटं पोर दिसलं, की जवळचं मोठं माणूस आक्काचं नाव घेऊन त्याला ओरडतं, आणि तेही त्याची त्या दिवशीची खोडी सांगून. ठाऊक नसेल तर आधी पोरालाच विचारून घेतं.

बाहेरचे म्हणतात, गाव भांडखोर आहे. माझ्या माहेरच्यांनी तर एवढ्यावरून हे स्थळ नको म्हटलं होतं. लग्नानंतर पाचव्या दिवशी मी ओट्यावर बसले होते, तर समोरून एक मावशी कडाडल्या. त्यांचं नावही मला माहीत नव्हतं. "अगं ए सूनबाई! सकाळपासून चारदा एसटीच्या वाटेकडं बघून झालं, चहा तसाच निवला! ऊठ, जेव आधी!"

मी आत गेले आणि तीन भाकऱ्या खाल्ल्या.