ओव्याच्या तेलाची मात्रा

फार फार जुनी गोष्ट बरं का, डोंगरापल्याडच्या एका गावाची. गावाची संत्र्यांची मोठी बाग होती. दरसाल शंभर टोपल्या राजधानीला जायच्या. वाट अकरा दिवसांची, पोचेपर्यंत निम्म्या फळांवर हिरवी बुरशी चढायची.

शेवटी राजा चिडला. "यंदाही सडकी आली, तर बाग तोडून घोड्यांना कुरण करीन!" गावाच्या तोंडचं पाणी पळालं. तोडणीला उरला होता दीड महिना.

त्या गावात गोजराबाई भट्टी लावून ओव्याचं तेल काढायची. तिच्या फडताळात, तेलाच्या उघड्या कुपीशेजारी, एक संत्रं विसरून राहिलं होतं. महिना झाला तरी टवटवीत! "बुरशीवर औषध सापडलं," ती म्हणाली.

पाटील हसले. "अगं, पोटदुखीचं तेल ते! संत्र्यांना काय अजीर्ण झालंय?"

गोजराबाई कसली ऐकते! लवकर पिकलेली टोपलीभर फळं घेऊन तिनं त्यांना तेल चोपडलं. आपल्या लोकांची खोड तुम्हाला ठाऊकच आहे, गुणकारी म्हटलं की दुप्पट लावायचं. अकराव्या दिवशी टोपली उघडली. बुरशी नव्हती, पण साली भाजल्यागत काळ्या पडल्या होत्या.

"अति तिथं माती," पाटील म्हणाले. "सोड नाद."

तिला रडू आलं. पण डोळे पुसून ती म्हणाली, "बाग अजून उभी आहे, पाटील."

दुसऱ्या टोपलीत तिनं फळांना थेंबभरच तेल लावलं. बुरशी आलीच. आता बायाबापड्याही टोमणे मारू लागल्या.

ती फडताळासमोर बसून राहिली. त्या संत्र्याला तेल लागलंच कुठं होतं? नुसता वास लागला होता! मग तिसऱ्या टोपलीत तळाला गवत, गवतावर मोजून वीस थेंब, वर कोरडं गवत, त्यावर फळं. झाकण घट्ट.

अकराव्या दिवशी पाटलांनी स्वतः झाकण काढलं. एकाही फळावर डाग नव्हता. ते मान खाली घालून म्हणाले, "बाई, चुकलो. आता सगळ्या टोपल्या तू सांगशील तशा भरू."

राजधानीत राजानं शंभरही टोपल्या उघडायला लावल्या. सगळी मिळून तीन फळं खराब निघाली. राजानं एक संत्रं सोलून खाल्लं, दुसरं सोललं आणि घोडदळाच्या सरदाराला म्हणाला, "कुरण दुसरीकडे बघा."

तात्पर्य: औषध सापडणं हे अर्धंच काम, त्याची योग्य मात्रा सापडेपर्यंत जो हटत नाही, तोच काम तडीस नेतो.