लाल पट्टा

“पण चाचा, भोकच नाही तर उजेड शिरतो कुठून?”

मृगांकने टेबलावर फोटो पसरले. सतारीचे भोपळे वाळत घातलेलं अंगण, उरुसातला पाळणा, आत्याचं बोळकं हसू... आणि एकूणएक फोटोवर लालभडक पट्टा.

कॅमेरा खेळण्यातला, प्लॅस्टिकचा. फिल्म मात्र खरी. मृगांक इंजिनिअर. कुठलंही यंत्र आपल्यापुढं नांगी टाकतं, असा त्याचा समज. त्यानं फटीफटीला काळी चिकटपट्टी लावली होती, आणि बिचारा कॅमेरा अपघातातून वाचलेल्या माणसासारखा दिसत होता.

दस्तगीरचाचांनी मिरजेत चाळीस वर्षं फोटो धुतले. त्यांची अट एकच: बिनडागाचा एक रोल आण, मग डार्करूममध्ये ये, शिकवतो. तीन रोल वाया गेले होते. मृगांक रडकुंडीला आला होता.

चाचांनी आधी सगळ्या पट्ट्या सोलून काढल्या होत्या. मग रिकाम्या कॅमेऱ्यात पेटती बॅटरी ठेवून तो अंधारात चहूबाजूंनी पाहिला होता. थेंबभर उजेड बाहेर आला नाही.

“रोल भर,” ते म्हणाले. “माझाच फोटो काढ.”

मृगांकने रोल भरला. चाचांचा फोटो काढला. फिल्म पुढं सरकवायची चकती फिरवली. मग भिंतीकडे तोंड केलं, कॅमेरा शर्टाच्या आत घेतला, उजवा अंगठा त्याच्या मागच्या कडेला लावला आणि...

खट्.

“काय केलंस?”

“काही नाही. फिल्म सरकली का, ते बघितलं.”

“मागचं झाकण उघडून?”

“केसाएवढंच, चाचा. लगेच मिटतो.”

“दर फोटोला?”

“अगदी पहिला रोल आत अडकला होता ना! छत्तीसच्या छत्तीस कोरे. दुधानं तोंड पोळलं, म्हणून...”

“म्हणून ताक सांडतोस?”

चाचांना हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी आलं, ठसका लागला. मृगांक कानापर्यंत लाल झाला. उन्हाचं, फटींचं, दुकानदाराच्या जुन्या फिल्मचं, सगळं त्यानं चाचांना सांगितलं होतं. हे तेवढं सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं.

मग त्यालाही हसू फुटलं.

चाचांनी टेबलावरची सोललेली एक पट्टी उचलली.

“हात पुढं कर. उजवा.”

त्यांनी ती मृगांकच्या अंगठ्याला गुंडाळली. दोन वेढे, घट्ट. कड दाबून बसवली.

मृगांकने अंगठा वाकवून बघितला. वाकेना.

“आणि कॅमेरा, चाचा?”

“तो बरा झाला की. माझ्या फोटोवरचा डाग माफ. जा, पस्तीस उरलेत. तोवर मी डार्करूम झाडून ठेवतो.”