चालू मशीनचा चबुतरा

"मग किती खोल पुरायची चाकं?" बाबालालचाचांनी विचारलं.

"सहा इंच," हर्षदा म्हणाली. "आणि पुरायची नाहीत, चाचा. बसवायची."

"बरं, बसवायची... परत निघतील?"

"निघू नयेत म्हणूनच तर."

चाचा तंबाखूची चिमूट गालात सारून मशीनभोवती एक फेरी मारून आले.

मशीन म्हणजे काँक्रीट कालवायचा जुना मिक्सर. चार लोखंडी चाकं, मधोमध ड्रम, मागं हँडल मारून चालू करायचं डिझेल इंजिन. साठ वर्षांचा. कालव्याच्या कामावर चाचांची उभी हयात त्याच्यासोबत गेली, आणि काम बंद पडल्यावर लिलावात त्यांनी तोच विकत घेतला. आता चाचांना मशीन ठेवलेली जागा रिकामी करून द्यायची होती. भंगारवाला गॅस कटर घेऊन दोनदा डोकावून गेला होता.

हर्षदा मगदूम पॉलिटेक्निकमध्ये शिकवायची. दोन वर्षं दर रविवारी चाचांपाशी बसून तिनं त्या मिक्सरचा एकेक नट मोजला होता, त्यावर चाळीस पानांची पुस्तिका लिहिली होती. तिनंच प्राचार्यांच्या नाकदुऱ्या काढल्या, तेव्हा कुठं ते कबूल झाले. फाटकाशी चबुतरा बांधू, त्यावर मशीन बसवू. चबुतऱ्यावर असेल तर ठीक, एरवी आवारात अडगळ नको.

थोडक्यात, मशीन वाचलं होतं. तिनं वाचवलं होतं. सकाळपासून हे ती चार जणांना सांगून बसली होती.

विटांचा कट्टा तयार होता. वर सहा इंच काँक्रीट ओतायचं, ते ओलं असतानाच मशीन फळ्यांवरून ढकलून वर घ्यायचं आणि चाकं आत रुतवायची. अकराला पाहुणे.

"काँक्रीट कुठलं?" चाचांनी विचारलं.

"तयार मालाची गाडी येतेय."

"नगं. यातूनच काढू."

प्राचार्यांना ते भारी आवडलं. "वा! आपला चबुतरा आपणच घडवला... भाषणात घेतो हे." त्यांनी लगेच फोन करून गाडीला नको म्हणून कळवलं.

खडी आली, वाळू आली, सिमेंटची पोती आली.

"करा सुरू, चाचा."

चाचांनी हँडल तिच्यापुढं धरलं.

"मी?"

"चाळीस पानं लिहिलीस, पोरी. हँडल किती बारी मारलंस?"

एकदाही नाही. फटाक्याची टिकली फुटली तरी दचकणारी मुलगी ती. इंजिन नुसतं फुरफुरलं की दोन पावलं मागं सरायची आणि तिथून वहीत लिहायची. पण आता मजूर बघत होते, विद्यार्थी बघत होते. तिनं ओढणी काढून खुर्चीवर टाकली आणि हँडल दोन्ही मुठींत आवळलं.

चाचांनी तिच्या अंगठ्यावर टिचकी मारली.

"ह्यो बाहेर. बोटांच्याच बाजूला ठेव."

"पकड सैल राहील."

"राहू दे."

"आणि सुटलं तर?"

चाचांनी आपला उजवा हात पुढं केला. अंगठा मुळापाशी वाकडा होता, भलत्याच दिशेला बसलेला. दोन वर्षं तो तिच्या डोळ्यांसमोर होता. पुस्तिकेत त्याबद्दल एक ओळ नव्हती.

"उलटं मारतं तवा," चाचा म्हणाले, "घट्ट धरणाराचाच मोडतो."

तिनं फिरवलं. इंजिन एकदा खोकलं आणि उलटा हिसका बसला. हँडल हातातून उडून खणकन फरशीवर पडलं. हर्षदा किंचाळली. मागं कुणीतरी फिसकन हसलं.

तिनं हात पाहिला. दहाही बोटं जागेवर होती.

"उचल की. त्याला काय हार घालायचाय?"

दुसऱ्या खेपेला इंजिनाच्या जड चाकानं वेग धरला, चाचांनी दाब धरायचा खटका पाडला, आणि काळ्या धुराचा एक लोट सोडून मशीन धडधडू लागलं. या खेपेला ती मागं सरली नाही.

पहिल्या घाण्यात चाचांनी सिमेंट दोन घमेली जास्त टाकलं. "ड्रम आदी आपला वाटा चाटून घेतो. मग दुसऱ्यास्नी देतो." दुसरा घाणा, तिसरा. पाचव्याला कट्टा काठोकाठ भरला. मजुरांनी फळ्या लावल्या, खांदे लावले.

"ढकलायचं का, मॅडम?"

तिनं चाचांकडं पाहिलं. चाचा इंजिनाकडं बघत होते. ते अजून चालू होतं.

"बंद कर की," ते म्हणाले. "चालू मशीन कोण पुरतंय?"

हर्षदाचा हात बंद करायच्या दांडीवर गेला. एवढीशी दांडी. खाली ओढली की झालं... दांडी तिच्या तळव्यात थरथरत होती.

"मगदूम मॅडम!" प्राचार्य घड्याळ दाखवत ओरडले. "माल सेट होतोय! काय चाललंय?"

तिनं खाली पाहिलं. अंगठा आपोआप दांडीच्या बाहेर राहिला होता.

तिनं हात काढून घेतला.

"नाही चढणार," ती म्हणाली. आवाज चिरकला, म्हणून पुन्हा म्हणाली. "मशीन वर नाही चढणार, सर. वर्कशॉपमध्ये राहील. चाकांवर. मुलं चालवतील."

"वर्कशॉपमध्ये जागा कुठंय?"

"माझं टेबल बाहेर काढा."

"आणि तुम्ही कुठं बसणार?"

"उभी राहीन."

मजुरांनी एकमेकांकडं पाहिलं आणि कुणी न सांगता फळ्या काढून घेतल्या. प्राचार्यांचं तोंड उघडं ते उघडंच. फाटकाबाहेर पाहुण्यांच्या गाडीचा हॉर्न वाजला. समोर ओला, गुळगुळीत, रिकामा चबुतरा उन्हात चमकत होता.

"अहो, मग मी... मी यावर बसवू काय आता?"

चाचांना घाई नव्हती. ड्रम धुवायला त्यांनी एक घमेलं खडी आत टाकली, वर दोन बादल्या पाणी ओतलं. खडी खळखळत फिरू लागली. त्या आवाजावर आवाज चढवून ते म्हणाले,

"पक्कं व्हायला अठ्ठावीस दिस पाणी मारत ऱ्हावा, सायेब. तंवर गावंल कुणीतरी, काम संपलेलं."