दोन वर, एक जागा

लग्नं जमवावीत तर उत्तमराव दळव्यांनीच, अशी सांगलीभर ख्याती होती. निदान ते स्वतः तसं सांगत. त्यांनी आपल्या वधूवर मंडळाचं मराठी अ‍ॅप काढायचं ठरवलं आणि त्यातले शब्द बसवायचं काम शलाका तारळेकरकडे दिलं.

शब्दांची यादी पाहताच उत्तमरावांच्या कपाळाला आठी पडली. "हे 'वर' दोनदा कशाला?"

"एक वर लग्नाचा," शलाका म्हणाली. "दुसरा बटणावरचा, पान वर सरकवायचा."

"शब्द एकच ना? मग जागाही एकच! उगाच पसारा नको."

तिनं यादीत 'वर' एकदाच ठेवला आणि दोन्ही ठिकाणं त्यालाच जोडली. पुढच्याच आठवड्यात उत्तमरावांना 'वर' कोरडा वाटू लागला. म्हणाले, "नवरदेव करा."

"सगळीकडे बदलेल हं."

"बदलू दे की!"

मेळाव्यात भरल्या सभागृहापुढे पडद्यावर अ‍ॅप उघडलं. कोपऱ्यात दोन बटणं झळकली: 'खाली' आणि 'नवरदेव'.

"अगं बाई," पुढच्या रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, "खाली नवरदेव, मग नवरी काय माडीवर?"

सभागृहात हशा पिकला. उत्तमराव लालबुंद झाले. "शलाकाताई, हे काय केलंत?"

"साहेब, तुमच्याकडे दोन संजय पाटील नोंदवलेत. नाव एकच, म्हणून दोघांना एकाच बोहल्यावर चढवाल का?"

बटणाला त्याच दिवशी त्याचा 'वर' परत मिळाला. उत्तमरावांची मान मात्र बराच वेळ काही नवरदेव होईना.