दोन दारांचा ओढा

“पण बाबा, ओढा एकच आहे ना? मग तो एका वेळी एकाच बाजूला वाहील की नाही?”

हर्षदा ठोंबरेने हे तिसऱ्यांदा विचारलं होतं.

दस्तगीरबाबा दर्ग्याच्या पायरीवर बसून वहाणेचा अंगठा शिवत होते. त्यांनी दाभण कातड्यातून आरपार काढलं, दोरा ओढून घेतला आणि वहाण डोळ्यांजवळ नेऊन न्याहाळली.

“वाहतो की,” ते म्हणाले.

“कुठल्या बाजूला?”

बाबांनी दुसरा टाका घातला.

ही खिंड साताऱ्याच्या कोरड्या पट्ट्यातली. पूर्वेच्या उतारावर आंबओहळ नावाचं गाव, पश्चिमेच्या उतारावर सावरदरा. पूर्वेला पडलेलं पाणी माणगंगेला जातं, पश्चिमेला पडलेलं येरळेला. मधल्या सपाटीवर हा लहानसा दर्गा, एक कडुनिंब, आणि खडकातून निघणारा झरा. झऱ्याचा ओढा होतो आणि शंभर पावलं सरळ वाहतो. त्या शंभर पावलांनंतरचाच काय तो घोळ होता.

हर्षदाने सहा वर्षं खपून या दोन्ही नद्यांच्या खोऱ्यांचा नकाशा तयार केला होता. कागदावरचा नव्हे, संगणकातला. नदी, उपनदी, ओढा, ओहोळ, सगळ्यांच्या मिळून चौदा हजार रेघा. प्रत्येक रेघेला बाण, पाणी कुठून कुठे जातं ते सांगणारा. नकाशावर कुठेही बोट ठेवा, तिथला थेंब कुठल्या वाटेने कुठवर जाईल ते संगणक पापणी लवायच्या आत दाखवायचा.

एकही रेघ सुटी नाही, एकही बाण उलटा नाही, असं ती बैठकीत सांगायची, आणि ते खरंही होतं.

हा एक ओढा सोडून.

आकाशातून घेतलेल्या तीन छायाचित्रांपैकी दोन छायाचित्रांत ओढा पूर्वेला जात होता आणि एकात पश्चिमेला. आधी ती सहकाऱ्यांवर चिडली. मग तिने यंत्राला दोष दिला. शेवटी स्वतःच गाडी काढून आली, गाडी खाली सोडून खिंड चढली, आणि दम खायच्या आधी प्रश्न विचारून मोकळी झाली.

शुक्रवारी नकाशा सरकारकडे सोपवायचा होता. त्यानंतर बाण हलणार नव्हता. पुढची दहा वर्षं बंधारे कुठे बांधायचे ते त्याच नकाशावरून ठरायचं होतं. बाण ज्या गावाकडे, त्या गावाला ओढा. दुसऱ्या गावापुढे कोरी जागा.

बाबांनी तिला आधी पाणी दिलं. मग कुठून आलीस, घरी कोण कोण असतं, सकाळी काही खाल्लंस का, हे विचारून घेतलं. काही खाल्लं नाही म्हटल्यावर आतून शिळी भाकरी आणि दह्याची वाटी आणून पुढ्यात ठेवली, आणि ती खाईपर्यंत ओढ्याचं नाव काढलं नाही.

ऐंशीच्या घरातला माणूस. पाठ वाकलेली, पण हाताची बोटं कुदळीच्या दांड्यासारखी. गेली एक्कावन्न वर्षं दर्ग्याचा दिवा आणि हा ओढा, दोन्ही त्यांच्याकडे होते.

हळूहळू त्यांच्या तोंडून निघालं ते असं. शंभर पावलांवर ओढ्याला दोन तोंडं आहेत. चार दिवस पूर्वेचं दार उघडं आणि पश्चिमेचं बुजवलेलं. पुढचे चार दिवस उलट. कुणी ठरवलं ते कुणाला ठाऊक नाही. कागद नाही, शिक्का नाही. दार फिरवायचं दर्ग्यातल्या माणसाने, आणि त्यात दोन्ही गावांनी हात घालायचा नाही, एवढंच.

हर्षदाने सुटकेचा श्वास सोडला. उत्तर मिळालं म्हणजे काम झालं.

“मग मूळचा ओढा कुठला?” तिने विचारलं. “म्हणजे माणसाने हात लावायच्या आधीचा?”

“म्या बगितला न्हाय.”

“तुमच्या आधी जे होते, ते काही म्हणायचे?”

“उस्तादांनीबी बगितला नव्हता.”

मग तिने संगणक मांडीवर उघडला आणि बाबांना समजावून सांगितलं. अशा अडचणीसाठी नकाशात एक सोय असते. बाणच काढायचा नाही. रेघ तेवढी ठेवायची आणि पुढे एक शब्द लिहायचा. मग कुणाची तक्रार नाही आणि नियमही मोडत नाही.

“कंचा शब्द?”

“अनिश्चित.”

“म्हंजी?”

“म्हणजे... नक्की सांगता येत नाही असं. पाणी कधी कुठे जाईल त्याचा भरवसा नाही.”

बाबांचा हात थांबला.

कडुनिंबावर एक होला घुमत होता. तो घुमायचा थांबला, पुन्हा घुमू लागला. हर्षदाला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नसावं.

“माजी बायकू गेली,” बाबा सावकाश म्हणाले, “तवा सकाळी तिला माती दिली. दुपारी दार फिरवलं.”

“सावरदऱ्याची पाळी हुती.”

हर्षदाने संगणकाकडे पाहिलं. तो शब्द तिने अजून लिहिला नव्हता, पण लिहिल्यासारखी ती शरमली.

बाबांनी वहाण पायात घातली, उभे राहिले, मान वर करून उन्हाचा अंदाज घेतला. मग भिंतीला टेकवलेलं खोरं उचललं आणि तिच्या हातात दिलं.

“आज बी त्येंचीच हाय,” ते म्हणाले. “चल.”

तिला वाटलं, खोरं नुसतं तिथवर न्यायचं आहे. पण तोंडाशी पोचल्यावर बाबा दगडावर बसले आणि गुडघा चोळू लागले. तेव्हा तिच्या लक्षात आलं.

तिने बूट काढले, पँट दुमडली आणि पाण्यात उतरली. पौषातलं पाणी. पहिल्या पावलालाच तिच्या तोंडून हाय निघाली.

पश्चिमेचं तोंड दगड, चिखल आणि वाळल्या गवताने बुजवलेलं होतं. ते तिने उकरून काढलं. तेच दगड उचलून पूर्वेच्या तोंडाशी रचले आणि वर चिखल ओतला. पाणी चिखल घेऊन गेलं. तिने पुन्हा ओतला. पाण्याने पुन्हा नेला. चौदा हजार ओढ्यांचे बाण काढणारी बाई एका ओढ्यापुढे कोपरापर्यंत बरबटली.

बाबा बघत होते. हसत नव्हते, पण डोळ्यांच्या कडा सुरकुतल्या होत्या.

मग ते उठून आले, तिच्याशेजारी पाण्यात उभे राहिले, गवताची पेंडी फटीत आडवी सारली आणि वर टाच रोवून दाबली.

“हातानं न्हाय. अंगाच्या वजनानं.”

तिने टाच रोवली. पाणी थबकलं. फुगलं. मग जणू काही झालंच नाही अशा थाटात पश्चिमेला वळलं.

हर्षदाला लहान मुलीसारखा आनंद झाला. ती धावत काठावर आली, हात पुसून फोन काढला आणि त्या जागेची नोंद घ्यायला लागली.

“ते ऱ्हाऊ दे,” बाबा म्हणाले. “पान्यासंगं जा.”

“कुठवर?”

“गावापत्तुर.”

“किती वेळ लागेल?”

“त्ये पान्याला म्हाईत.”

तिच्या पायांना वाट मोठी नव्हती, जेमतेम दीड किलोमीटर. ती भराभर निघाली आणि वीस पावलांतच पाण्याच्या पुढे गेली. थांबावं लागलं.

पाण्याचं डोकं तिने कधी पाहिलं नव्हतं. चार दिवस सुकलेल्या पात्रातून ते येत होतं, कळकट, फेसाळ, पुढे सुकी पानं आणि काटक्या ढकलत. खड्डा लागला की थांबायचं. खड्डा काठोकाठ भरेपर्यंत पुढे म्हणून सरकायचं नाही. भरला की मग एक बारीकशी जीभ बाहेर काढायचं आणि पुढची वाट धरायचं. एका जागी वाळूने सगळं पिऊन टाकलं आणि पाणी दिसेनासं झालं. हर्षदा उकिडवी बसून वाट पाहत राहिली. तिला खरोखर काळजी वाटली. बऱ्याच वेळाने वाळू काळी पडली, आणि पाणी पुन्हा वर आलं.

सहा वर्षांत हा प्रवास तिच्या संगणकाने लाखो वेळा केला होता. त्याला पापणी लवायला लागतो तेवढाही वेळ लागत नसे. तिला दीड तास लागला, आणि मधे एकदाही घड्याळाकडे बघायचं सुचलं नाही.

सावरदऱ्याच्या वेशीवर एक म्हातारी घागर घेऊन बसली होती. तिला घाई नव्हती. आधी पाणी आलेलं तिने पाहिलं, मग पाण्यासोबत आलेली बाई पाहिली.

“आज बाबा न्हाय आलं? गुडघा दुकतुया व्हय?”

म्हणजे दर पाळीला ते स्वतः पाण्याबरोबर खाली येत होते. त्या वयात, त्या गुडघ्यानिशी. बाबांनी मला पाठवलं, एवढंच हर्षदा कसंबसं म्हणाली.

म्हातारीचं नाव हौसाबाई. तिने पहिलं गढूळ पाणी जाऊ दिलं, नितळ आल्यावर घागर बुडवली, आणि त्यातलं आधी हर्षदाच्या चिखलाने माखलेल्या पायांवर ओतलं. पाण्यासंगं येणाऱ्याचे पाय धुवायचे, अशी इथली रीत होती. हर्षदा संकोचून मागे सरली, तर हौसाबाईने तिचा घोटा धरून ठेवला.

न राहवून हर्षदाने तिलाही विचारलं, मूळचा ओढा कुणाचा?

“आमचाच,” हौसाबाई म्हणाली. मग पदराने तिचे पाय टिपता टिपता पुढे बोलली, “आंबओहळात इचारलंस, तर त्येंचा.”

ती परत खिंड चढून आली तेव्हा उन्हं कलली होती. बाबा पायरीवरच होते. त्यांनी हौसाबाईचा खोकला कसा आहे ते विचारलं. पाणी वाळूत किती वेळ अडकलं ते विचारलं. बराच वेळ, असं ती म्हणाली, तेव्हा त्यांनी मान हलवली. यंदा लवकर आटणार, असं काहीसं ते पुटपुटले.

ती त्यांच्याशेजारी बसली. सकाळी पहिला प्रश्न तिने त्यांच्यासमोर उभं राहून विचारला होता.

“बाबा, तुमच्यानंतर कोण?”

बाबा गुडघा चोळत राहिले.

“मला भीती वाटते.”

“मलाबी वाटायची,” बाबा म्हणाले. “उस्तादांच्या मागं काय हुईल म्हनून.”

ते पुढे काही बोलतील म्हणून ती थांबली. त्यांनी नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि काढून घेतला.

तिने संगणक उघडला. ओढ्याच्या रेघेवरचा जुना बाण पुसला. शंभर पावलांच्या जागी एक बिंदू ठेवला, आणि त्यातून दोन रेघा काढल्या. एक आंबओहळकडे, एक सावरदऱ्याकडे. दोन्हींना बाण दिले.

लगेच तिथे लाल खूण उमटली. एका थेंबाला दोन खोरी असू शकत नाहीत, चूक दुरुस्त करा, असं संगणक सांगू लागला.

तिने चूक दुरुस्त केली नाही.

चौदा हजार रेघांत एक लाल खूण राहणार होती. शुक्रवारी बैठकीत सगळ्यांच्या आधी तीच दिसणार होती. एकही बाण उलटा नाही, हे वाक्य आता तिला म्हणता येणार नव्हतं. सहा वर्षं ज्या शाबासकीची वाट पाहिली ती पदरात पडेल की नाही, कोण जाणे. तिला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण बोट मागे आलं नाही.

लाल खूण तशीच ठेवायची तर कारण लिहावं लागतं. तिने बाबांना त्यांचं पूर्ण नाव विचारलं. माहिती देणारा म्हणून ते लिहिलं की लोकांना विश्वास वाटेल, असं तिचं म्हणणं.

बाबांनी मान हलवली. नाव नको. माणसाचं नाव किती दिवस पुरणार, असं म्हणाले.

“पण काहीतरी लिहायला हवं, बाबा. उद्या दुसरं कुणी हा नकाशा उघडेल, त्याला कळायला हवं ना, इथलं पाणी कुठे जातं ते. शेऱ्याच्या रकान्यात चाळीस अक्षरं मावतात. काय लिहू?”

बाबा वाकून पडद्याकडे बघत राहिले. रिकाम्या रकान्यात एक बारीक रेघ लुकलुकत होती.

“चाळीस कशापायी...” ते म्हणाले. “लिव, येऊन इचारा.”