लग्नपत्रिकेची खूण

"आज पुस्तक अर्धं सोडते. उद्या दहावी अर्ध्यात सोडली तर?"

या प्रश्नानं मला चार रात्री झोपू दिलं नव्हतं. अक्कांसमोर मोठ्यानं विचारला तेव्हा जरा हास्यास्पद वाटला. माझी शाल्मली आठ वर्षांची आहे.

अक्का आम्हाला शाळेत मराठी शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर गावाबाहेरच्या मठात राहायला गेल्या आणि तिथली पुस्तकांची खोली सांभाळू लागल्या. लोक त्यांच्याकडं सल्ला मागायला येतात. त्या बहुतेकांना पुस्तकांना कव्हर घालायला बसवतात. मलाही बसवलं होतं.

"सोडू दे की," अक्का म्हणाल्या.

मी माझं गाऱ्हाणं पुढं रेटलं. एक पुस्तक संपेपर्यंत दुसरं मिळणार नाही, असा मी घरात नियम केला होता. त्याला दोन महिने झाले. भेळेचा कागदसुद्धा वाचूनच टाकणारी माझी मुलगी दोन महिने काहीही वाचत नाहीये. पुस्तक उशाशी आणि ही छताकडं बघत पडलेली. तिचं वाचन मीच मोडलं की काय… आणि नियम मागं घ्यावा तर तिला वाटणार, आईसुद्धा अर्ध्यात सोडते.

"असला नियम तुला शिकवला कुणी?"



"तुम्ही, अक्का. सहावीत. घेतलेलं पुस्तक पुरं केल्याशिवाय परत करायचं नाही. फळ्यावर लिहिलं होतंत."

अक्कांनी खळ लावलेलं बोट कागदाच्या कडेनं फिरवलं.

"मग पुसलं नाही का कुणी?"

तेवीस वर्षं मी ते वाक्य पाळत आले होते. न आवडलेली किती पुस्तकं गिळली, त्याचा हिशोब नाही. आणि या बाईंना त्याची आठवणही नव्हती. आता आपण रडू की खळीचं भांडं उपडं करू, ते मला कळेना. म्हणून मी आणखी एक कव्हर घातलं. तेही तिरकं.

शाल्मली उंबऱ्यावर मठातल्या मांजराची शेपूट वितीनं मोजत बसली होती. कुठवर वाचलंस, असं अक्कांनी तिला विचारलं.

तिला आठवावंसुद्धा लागलं नाही. तिसऱ्या धड्यापर्यंत, म्हणाली. एका थोर माणसाच्या लहानपणाचं पुस्तक होतं, मीच आणलेलं. दुसऱ्या धड्यात तो मुलगा पेरू चोरत नाही. तिसऱ्यात आंबा चोरत नाही.

"मग मला कळलं," शाल्मली म्हणाली, "हा काहीच चोरणार नाही."

अक्का हसल्या नाहीत. उत्तर बरोबर आल्यासारखी मान तेवढी हलवली. मग माझ्याकडं वळल्या.

"आणि तू?"

मी पिशवीतून माझी कादंबरी काढली. सहाशे पानांची. कुठंही गेले तरी ती बरोबर असते, चार पानं उरकतील म्हणून. आत खुणेला नणंदेच्या लग्नाची पत्रिका.

अक्कांनी पत्रिका ओढून काढली. चष्मा वर करून सावकाश वाचली, अगदी कार्यस्थळापर्यंत.

"झालं का लग्न?"

"तिच्या मुलाचं बारसं झालं, अक्का. परवा."

…

त्यांनी कादंबरी मिटून माझ्या मांडीवर ठेवली. पत्रिका स्वतःच्या हातातच राहू दिली.

"शोध, कुठं होतीस."

मी शोधू लागले. एका पानावर जहागीरदार ओसरीवर बसून विचार करत होते. चाळीस पानं पुढं गेले. जहागीरदार ओसरीवरच. त्यांच्या सूनबाई रडत होत्या, पण त्या मागंही रडल्या होत्या. हे वाचलेलं वाटत होतं, तेही वाटत होतं, आणि मग कुठलंच वाटेना. शाल्मली मांजर सोडून माझ्याकडं बघायला लागली होती, त्यामुळं मी पानं जरा जास्तच जोरात उलटली.

"अक्का, ती खूण द्या ना."

अक्कांनी पत्रिका उभी दुमडली आणि त्याच पत्रिकेनं भांड्यातली खळ ढवळायला घेतली.

माझा तोल गेला. मग काय सुरुवातीपासून वाचू का आता, असं मी विचारलं. माझ्या बाईंशी, म्हणजे कुठल्याही बाईंशी, मी आयुष्यात अशा आवाजात बोलले नसेन.

अक्का गुडघ्यावर हात टेकून उठल्या. पदराला हात पुसले, कपाटाची कडी काढली आणि शाल्मलीला म्हणाल्या, ये, तुला हवं ते घे.

शाल्मली धावत गेली. दोन महिन्यांत मी तिला कशासाठी एवढं धावताना पाहिलं नव्हतं. वरच्या फळीकडं हात नेला… आणि तिथूनच वळून माझ्याकडं बघितलं. माझ्या मांडीवर सहाशे पानं उघडी होती.

तिनं हात मागं घेतला.

"आजी, आधी आईला घेऊ दे," ती म्हणाली. "ती जास्त दिवस अडकलीय."